मागचं डावं

पहाटे साडेचारला, पडदा पडून तास झाल्यावर,
सिंदेवाहीहून वडशाला येताना
धानाच्या रिकाम्या बांध्यांमध्ये
सुमोचं मागचं डावं चाक बसलं.
आवाज नाही. गाडी एका बाजूनं
थोडी जमिनीशी बोलू लागली, एवढंच.
टॉर्च मारला: टायरच्या गालाला चार बोटांची चीर,
आतल्या तारा दिसत होत्या.
गाडीत नऊ जण झोपलेले, तोंडावर अर्धा रंग.
एकटा खलनायक उतरला, चिकटवलेल्या मिशीसकट,
आणि न बोलता जॅक फिरवू लागला.

सकाळी नाक्यावर केवळराम दोनाडकरनं
चीर पाहिलीच नाही नीट.
खिशातून रुपयाचं नाणं काढलं,
उरलेल्या तिघांच्या खाचेत एकेकदा उभं केलं.
"हे पाय. अर्धा रुपया बाहीर.
एकच नवा टाकशील त गाडी वढन गा.
नवा उंच, हे झिजून बुटके.
टाकाचे त चारही टाक,
नाही त मागचे दोन तरी."

एकाचे चोपन्नशे. चारांचे एकवीस हजार,
जुने त्याला देऊन.
माझ्या खिशात मॅनेजरनं दिलेले सहा,
तिकीटबारीवरच्या दहा-विसाच्या नोटा, रबर लावलेल्या,
त्यातल्या एकीवर कुणाचा तरी मोबाईल नंबर.

स्टेपनी आहे की, मी म्हटलं.
तीन वर्षांची, कालपर्यंत रस्ता न पाहिलेली.
त्यानं तिच्यावर नख ओढलं. बारीक भेगा, उन्हाच्या.
"न चालता बी म्हातारं होते," तो म्हणाला.
"घरी जाओस्तोर पुरली, खूप झालं."

मॅनेजरला फोन लावला.
"फाटला एक, आन आनाचे चार?"
एवढं बोलून त्यांनी ठेवला.

मी ऑइलच्या उपड्या डब्यावर बसलो,
मातीत काडीनं मांडलं:
शिमग्यापर्यंत एकतीस प्रयोग,
जाऊन-येऊन रोजचे दीडशे किलोमीटर,
त्यातले पाऊणशे अंधाराचे.
रानडुकरं मांडली नाहीत. मांडता येत नाहीत.
बेरीज केली, पुसली,
पुन्हा केली. तीच आली.

सुनयना बारापात्रे चहाचा ग्लास घेऊन आली,
काडीचे आकडे वाचले.
"मी पण एकटीच नवी आले होते की कंपनीत," म्हणाली.
"ओढलं का मी तुम्हाला?"

ओढलं होतं, बाई.
पहिले सहा प्रयोग मी गाडीत बसून ऐकलेत.
दामोदरजींचं वाक्य संपायच्या आत तुमचं सुरू व्हायचं,
ऑर्गनवाल्या पुंडलिकजींचा पाय
पायटीवर धावायचा, मागे राहायचा.
सातव्या की आठव्या रात्री, कुठल्याशा मंडईत,
ते थांबलं.
तुम्ही हळू झालात की ते तिघे घाईला लागले,
मला अजून सांगता येत नाही.

हे मी बोललो नाही. "थोडंसं," म्हटलं.
ती हसली, ग्लास विसळायला गेली.

एकच टाकला.
केवळरामनं पैसे मोजले, मान हलवली,
आणि नव्या रबराचे केस
हातानं उपटत बसला, न सांगता, फुकट.

रात्री पळसगावच्या रस्त्यावर
गाडी एका अंगाला जाऊ पाहते,
फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी.
मी स्टेअरिंग तेवढंच दुसरीकडे धरतो.
परतताना मागे सुनयना
झोपेत तिसऱ्या अंकातलं काहीतरी पुटपुटते,
दामोदरजींचं घोरणं
तिचं वाक्य होईस्तोवर थांबतं,
मग पुन्हा सुरू होतं.

मनगट दुखतं जरा.
अजून तीस.