वाव

मकरपुऱ्यात, जीआयडीसीच्या शेवटच्या गल्लीत,
संध्याकाळी साडेसातला असेंब्ली उघडली
तर डावीकडचं झाड
मुळापासून शेंड्यापर्यंत लाल.
सत्तेचाळीस चुका.
दहा इंची बटरफ्लाय व्हॉल्व्ह,
काल जाताना नीट मिटवून ठेवलेला,
आज त्याची तबकडी बॉडीबाहेर
हवेत आडवी,
दार बिजागरीतून निखळून अंगणात पडावं तशी.

कीर्तिभाई दारातूनच म्हणाले,
"काले सवारे ड्रॉइंग जोईशे, हं"
आणि स्कूटर चालू केली.

सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीस नसतात.
पहिल्या वर्षी हे माहीत नव्हतं.
तेव्हा मी एकेका लाल खुणेशी भांडायचे,
एक पुसली की दोन उगवायच्या,
झोपेतसुद्धा बोल्ट आपापले फिरायचे.
आता निम्म्या अटी झोपवते.
पुसत नाही. झोपवते.
लाल गेलं? मग दुखणं त्या झोपलेल्यांत.
त्यातल्या पुन्हा निम्म्या उठवते, बघते.
माझी दाढ दुखायची तेव्हा
आई चमच्याच्या दांड्याने एकेक दात ठोकायची:
हा? बरं, हा? मग हा?

नऊला तीन उरल्या.

बॉडी टेकलेली दोन्ही गॅस्केटना. बरोबर.
गॅस्केट टेकलेली दोन्ही फ्लँजना. बरोबर.
आणि तिसरी,
त्याच दोन फ्लँजमधलं अंतर,
चौऱ्याहत्तर,
आकडा घालून कायमचं ठोकलेलं.

अडुसष्टची बॉडी, तीन आणि तीन गॅस्केट,
चौऱ्याहत्तर. हिशेब चोख होता
गेल्या आठवड्यापर्यंत.
मग रबरवाला बदलला,
गॅस्केट दोनचं झालं,
खाली शॉपमध्ये सगळ्यांना कळलं,
वर कुणी सांगितलं नाही.
आता टेकायचं तर बहात्तर,
आकडा पाळायचा तर चौऱ्याहत्तर,
आणि बिचारं सॉफ्टवेअर
दोघांना हो म्हणता म्हणता
तबकडी टाकून मोकळं झालं.

कुणाचं काम हे म्हणून नोंद उघडली.
शिव्या तयार होत्या. पराग असेल,
नाहीतर तो भरूचचा ट्रेनी.
नाव: हेमलता गुप्ते. तारीख: तीन वर्षांपूर्वीची.
म्हणजे मीच.

आठवलं.
त्या वर्षी मला वाटायचं
जितक्या अटी तितकी खात्री.
टेकवायचे आणि वर मापायचे,
भोकाला भोक जुळवून वर कोनही बांधायचे,
हँडलसुद्धा जखडून ठेवलं होतं,
हलू नये म्हणून.
शनाभाई फिटर वर आले होते ड्रॉइंग घ्यायला,
पडद्याकडे बघत म्हणाले, "बेन, आ फरशे केम?"
हे फिरणार कसं.
मी अगदी मास्तरणीसारखी म्हणाले,
थोडा वाव ठेवलाय की शाफ्टला, पाव मिलिमीटर.
"वाव?" ते हसले.
"वाव तो राजमहेलमां. नवलखी."
दोघांचा शब्द एकच.
माझ्याकडे त्यात हवा,
त्यांच्याकडे खोल पायऱ्या आणि तळाशी पाणी.

चौऱ्याहत्तर पुसला.
झोपवला नाही, पुसला.
अंतर आता गॅस्केट ठरवेल, गॅस्केटची जाडी रबरवाला,
मी कोण.
झाड वरून खाली काळं होत गेलं,
एकेक पायरी उतरावी तसं.
मग हँडलचा कोन सोडला,
शून्य ते नव्वद, एवढीच मर्यादा घातली,
आणि माउसने धरून ओढलं.
तबकडी फिरली.
तीन वर्षांत पहिल्यांदा या फाइलमध्ये
काहीतरी उघडलं आणि मिटलं.
दोनदा. तिसऱ्यांदा उगाचच.

एक पिवळी खूण राहिलीय,
सहाव्या बोल्टचा वॉशर स्वतःभोवती फिरू शकतो म्हणे.
फिरू दे.
दांडिया बाजारात सेव-उसळवाला दहापर्यंत असतो,
पावणेदहा झालेत.