गिरमिट

बेमिजीच्या हमरस्त्यावर ऑरिनचं दुकान,
आत जिवंत आमिषाचा ओला वास,
आणि भिंतीला टेकून अकरा यंत्रं उभी,
पात्यांना नारिंगी टोप्या घातलेली.

आधी उचलून बघ, लव्हॉन म्हणाली. किंमत नंतर वाच.
लव्हॉन सत्तरीची. तिच्या वडिलांचं हातानं फिरवायचं गिरमिट
अजून गॅरेजात खुंटीला आहे.
ते ती विकतही नाही, वापरतही नाही.

मी पेट्रोलचं उचललं. तेहतीस पौंड.
डावा खांदा लगेच बोलला.
डॉक्टर त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात.
इथं अख्खं तळं गोठलंय,
त्यात माझ्या एका सांध्याचं काय घेऊन बसायचं.

ऑरिन सावकाश सांगत होता, विकायची घाई नसल्यासारखा.
पेट्रोलचं दगा देत नाही, पण खोपटात धूर कोंडतो.
प्रोपेनचं स्वच्छ, पण फार थंडीत रुसून बसतं.
बॅटरीचं हलकं. फक्त बॅटरी कोटाच्या आत ठेवायची,
कोंबडी अंडं ठेवते तशी.
आणि भोक? सहा इंची, आठ, की दहा?

साडेसहा,
माझ्या तोंडावर आलं होतं.
आटपाडीच्या माळावर साडेसहा इंचीच बोअर मारायचे.
तिरुचेनगोडहून आलेली गाडी, काचेवर मोराचं चित्र,
पोरं आमच्याशी खुणांनी बोलायची.
मामा तळहातावर नारळ आडवा धरून हिंडायचे,
नारळ उभा झाला की थांबायचे,
टाचेनं खूण करायचे.
मग रात्रभर घरघर. दोनशे फूट. तीनशे.
वर येते ती नुसती पांढरी धूळ:
भुवया, म्हशीची पाठ, दोरीवरचे परकर,
सगळं गिरणीतून काढल्यासारखं.
चारशे दहावर गाडीवाल्यानं मशीन बंद केली
आणि मामांनी नारळ फोडून खाल्ला.
एक तुकडा मलाही दिला. गोड होता.

सहा, मी म्हटलं.
आणि मासा त्याहून जाड निघाला तर?
तर तोंड बघायचं, लव्हॉन म्हणाली, आणि राम राम करायचा.
तिचा शब्द वेगळा होता. अर्थ हाच.

शनिवारी सकाळी पारा शून्याच्या खाली आठ.
बॅटरी माझ्या पोटाशी, पुठ्ठ्याच्या खोक्यातलं यंत्र स्लेजवर.
मला वाटलं, इथं कशाला शोधाशोध?
कुठंही उभं राहा, पायाखाली पाणीच.
पण लव्हॉन काठावरच्या तीन पाइनकडे पाहत
पावलं मोजत गेली, जरा मागं आली,
मान वाकडी करून थांबली,
आणि टाचेनं खूण केली.

बटण दाबलं. आवाज मिक्सरएवढा,
त्यावर इतके पैसे घातले याची जरा लाजच वाटली.
पांढरा भुगा वर आला, बुटांवर, मांड्यांवर,
लव्हॉनच्या भुवयांवर.
दहा इंच. सोळा. खांदा गप्प.
बाविसाव्याला एकदम हात सैल पडला,
खालून एक घोट घेतल्याचा आवाज,
आणि पाणी आपलं आपण चढत
काठाशी येऊन थांबलं. काळं. स्थिर.

लागलं!
मी ओरडले, मराठीत, माळावर ओरडतात तशी.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दूर एक पिकअप
बर्फावरून चाललेली, तिचा वेगही तोच राहिला.

मासा? लव्हॉननं विचारलं. गळ तर अजून टाकला नाहीस.

नाही, पाणी, मी म्हटलं.

तिनं भोकात पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि माझ्या हातात झारा दिला,
बुंदीचाच, फक्त दांडा लांब.
चुरा काढत राहा, म्हणाली,
नाहीतर परत धरतं.