ओलं फडकं

निघताना दिरांनी विचारलं, एकटीच? कशाला?
मी म्हटलं, हवापालट.
बार्शीच्या हवेनं माझं काही वाकडं केलेलं नव्हतं.

मडगावहून बेतूलची बस.
कंडक्टर तोंडानं शिट्टी घालून माणसं उतरवत होता
आणि मला कुठे उतरायचंय
ते मी सोडून सगळ्या बसला ठाऊक होतं.
असोळणे. निळं घर. आंब्याला टेकवलेली जुनी होडी,
होडीत मिरचीची रोपं.

कोन्सेसांवबाईंनी मागची खोली दिली.
खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांचे चौकोन;
सकाळ त्यातून आत येते ती पातळ ताकासारखी.
पहिल्या दिवशी पाचला जाग आली, सवयीनं.
पाण्याची मोटर नाही, दूधवाला नाही,
कुणाचा डबा नाही.
(डबा तसा दोन वर्षांपासून नाहीच.)
बँकेत नोटा मोजून संपल्या तरी
बोटं थोडा वेळ मोजत राहतात,
तशी बसून राहिले पलंगावर.

जेवण त्यांच्याच टेबलाशी.
समोर रुझारबाब. बत्तीस वर्षं तारवटी,
आधी मालवाहू, मग प्रवासी बोटींच्या भटारखान्यात.
आता तिंट्यापलीकडे जात नाहीत,
मासळीसुद्धा कोन्सेसांवबाईच आणतात.

बशी मांडण्याआधी त्यांनी एक फडकं ओलं केलं,
पिळलं, टेबलावर नीट पसरलं,
त्यावर बशी, त्यावर पेला.
मला वाटलं, काहीतरी धर्माचं असेल.
"बोट हलते ना," बाई म्हणाल्या,
आणि तळहात तिरका करून दाखवला.
"ताट घसरतं."
नोकरी सुटून अकरा वर्षं झाली.
टेबल शिसवीचं, चौघांना हलणार नाही.

मी विचारलं, इतकं फिरलात, कशाला?
माझ्या तोंडून दिरांचाच प्रश्न, दिरांच्याच आवाजात.
"पयशे गो. आनी कितें?"
मग बराच वेळ बांगड्याचे काटे काढत राहिले.
डर्बन, सांतुस, रॉटरडॅम,
नावं बशीच्या कडेला ठेवली काट्यांसारखी.
शहरं आठवत नाहीत म्हणाले. एक बाई आठवते,
मोंबासात, धक्क्याजवळ.
तिनं शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं
आणि पैसे घेतले नाहीत.
का, ते अजून कळलेलं नाही.
"घरा कशें, सगळें कळटा."

संध्याकाळी साळ नदीवर गेले.
पायऱ्यांवर नदीकडे पाठ करून बसले,
कुणी काही म्हणालं नाही.
स्कूटरवरच्या एका जोडप्यानं मला चर्चचा रस्ता विचारला,
मी इथलीच समजून.
मी हात करून दाखवला, ठामपणे.
बरोबर होता की नाही, देव जाणे; त्यांचा आणि माझा.

माणूस म्हणे स्वतःला शोधायला निघतो.
मी तर बार्शीत रोजच सापडते:
कुलपाशी, काउंटरशी, चहाच्या गाळणीपाशी.
हाक मारा, मी तिथेच.
थोडं हरवून बघावं म्हणून आले असेन,
चार दिवस, पगारी रजेवर,
परतीचं तिकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात
दर तासाला चाचपत.

हे मी दिरांना सांगणार नाही.
ते विचारतील, काय काय पाहिलं?
मी म्हणेन, नदी.
ते म्हणतील, नदी तर आपल्याकडेही आहे.
ती आहेच. पण तिच्याकडे पाठ करून
मी कधी बसलेले नाही.

शेवटच्या रात्री रुझारबाबांनी
दोन फडकी भिजवली.
एक स्वतःपुढे. दुसरं, न बोलता, माझ्यापुढे,
कोपरे ओढून, सुरकुती काढून.
बाई भात वाढता वाढता थांबल्या,
मग वाढू लागल्या.
मी पेला त्यावर ठेवला.
बाहेर भाट शांत, माड शांत,
पंखासुद्धा बंद, वीज गेलेली.
तरी मी जेवले ते
डाव्या हातानं टेबलाची कड धरून.