बदाम आहेत का

गुरुवारी सातला, माजी सैनिकांच्या हॉलमध्ये,
पंचवीस डॉलर भरून बसतो आम्ही वीस-बावीस जण:
बीट पिकवणारे, शाळेच्या बसचा ड्रायव्हर,
आणि पत्ते वाटायला डॉरीन, जी दिवसा
गुरांच्या डॉक्टरकडे कामाला असते.
जमलेल्या पैशांतला दहावा हिस्सा गावच्या अग्निशमन दलाला.
दशांशच म्हणा की, असं पाळकबाईंना म्हणालो
तेव्हा त्या हसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत.

वडिलांच्या घरात राजा-राणीची पानं चालत नसत.
नुसत्या आकड्यांचा एक कॅट होता, चार रंगांचा;
त्यावर आम्ही भावंडं डकोटाचा अख्खा हिवाळा भांडायचो,
आणि पानांना तोंडं नसल्यामुळे ते पाप होत नसे.
वडील म्हणत, क्रूसाखाली बसून शिपायांनी
बिनशिवणीच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या,
वर मान करून एकदाही पाहिलं नाही.
मी मनात म्हणायचो, यहूदाच्या रिकाम्या जागी
बारावा प्रेषित निवडला, तोही चिठ्ठ्या टाकूनच.
हे उत्तर मी हातचं राखून ठेवलं.
वडील गेले. पान टाकायचं राहिलं.

रविवारी थाळीतलं अर्पण मी मोजतो,
सतरा वर्षं खजिनदार आहे.
बोटं तीच. नाणी रचताना
वीस-वीसच्या चळती आपोआप होतात, चिप्ससारख्या,
आणि मी त्या मुद्दाम मोडतो.

मागच्या गुरुवारी शेवटी उरलो दोघंच,
मी आणि व्हर्लिन ओडेगार्ड.
बाहेर उणे चोवीस. टेबलावर बदामाची तीन पानं.
माझ्या हातात किलवरची सत्ती, चौकटची चौकी,
म्हणजे काहीच नाही.
मी सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

थाप मारणं या खेळात असतंच, त्याचं मला काही वाटत नाही.
गप्प चेहरा म्हणजे खोटी साक्ष नव्हे,
हे मी हॉलकडे गाडी चालवताना
स्वतःला कितीदा तरी पटवलेलं आहे.
पण व्हर्लिननं विचारलं. नाव घेऊन विचारलं,
ज्या आवाजात तो उपासनेनंतर विचारतो, कॉफी अजून घेणार?
"आर्व्हिड, बदाम आहेत का?"

मी म्हणालो, "आहेत."

त्यानं पानं उताणी टाकली: दोन राजे, दोन्ही काळे.
डॉरीननं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पिसायला लागली.
पुढच्या वीस मिनिटांत त्याच्या उरलेल्या चिप्सही माझ्याकडे आल्या.
तीनशे चाळीस डॉलर.
तळघरातली भट्टी दुरुस्त करायचे तीनशे वीस सांगितले होते.
हे मी आदल्या रविवारी चर्चच्या स्वयंपाकघराशी उभं राहून
चारचौघांत बोललो होतो, कप पुढे करून.
कपात कोण ओतत होतं, तेव्हा लक्षात आलं नाही.

शनिवारी घर गरम झालं.
मी तरी मोजे घालूनच झोपलो.

रविवारी पाळकबाई म्हणाल्या, एकमेकांना शांती द्या,
आणि सगळे बाकांमधून हात शोधत वळले.
व्हर्लिन माझ्या मागच्याच रांगेत. हात पाना-हातोड्याचा, रखरखीत.
"शांती असो," तो म्हणाला.
मी म्हणालो, "बदाम नव्हते."

भाकर अजून पांढऱ्या कापडाखाली झाकलेली होती.
कुणाचं तरी बाळ रडत होतं.
त्यानं हात सोडला नाही.
"ठाऊक होतं मला," म्हणाला.

चेहरा गुरुवारचाच, काही वाचता येईना.
राजांची जोडी हातात, आणि ठाऊक असून टाकली?
की आत्ता, इथे, वेदीसमोर, हा...
विचारणार तोच त्यानं माझ्या पाठीवर
एक थाप मारली
आणि वळला पलीकडच्या म्हाताऱ्या मिसेस लिंडाकडे,
तिलाही शांती द्यायला.