उद्देशाचा रकाना

तहसीलच्या मागच्या खोलीत, जिथे पंखा नाही,
लाल फडक्यात बांधून ठेवलंय एकेक गाव.
गाठ सोडली की आधी धूळ उडते,
मग येतो वास कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा,
उंदरांच्या लेंड्यांचा, जुन्या शाईचा.

"कोणतं साल पाहिजे बाई?" रेकॉर्डचे सहारे विचारतात.
"एकसष्टच्या आधीचं कोणतंही. भावाच्या पडताळणीसाठी."
"ह्या खोलीत येनारा हरेक मानूस
एकसष्टच्या आधीच जलमलेला पाह्यजे," म्हणतात,
आणि स्टुलावर चढतात.

कोतवाल बुकाचं पान पापडासारखं.
आमच्या चिखलबोडीच्या कोतवालाला लिहिता येत नव्हतं म्हणे.
महिन्याचे जन्म, महिन्याची मरणं तोंडपाठ करत
तो पायी निघायचा ठाण्याकडे,
आणि तिथला मुन्शी उतरवून घ्यायचा.
नदीला पूर असला
की दोन महिन्यांची माणसं एकाच दिवशी जन्मायची.
वाटेत तो कुणाला विसरला असेल,
त्याची नोंद नाही.

सहारे बोट न टेकवता वाचतात:
ताप. ताप. देवी. विहिरीत पडून. ताप. वाघ. ताप.
वाघालाही तेवढीच जागा,
जेवढी तापाला.

मला हवा होता कचरू.
कचरू वल्द फिरतू, जात ढिवर.
माझ्या आज्याचा बाप.
सातवीत गुरुजींनी वंशवृक्ष काढायला लावला,
तेव्हा मी त्याचं नाव काशीनाथ लिहिलं होतं
आणि भोवती रंगीत पेन्सिलीनं पानं काढली होती.

तो सापडला सन एकवीसमध्ये.
"फिरतू ढिवर यास मुलगा."
शेजारी वेगळ्या शाईत, घाईत: कचरू.
"झालं तुमचं काम," सहारे म्हणाले.
पण त्यांच्या हातून पानं मागे उलटली गेली,
आणि मला फिरतू दिसत राहिला.
सन चौदा, फिरतू ढिवर यास मुलगा.
त्याच पानाच्या खाली, मरणाच्या बाजूला, वय बारा दिवस.
सोळा, मुलगी. अठरा, मुलगा.
अठराची तर पानंच्या पानं भरलेली,
अक्षर बदललेलं; बहुतेक मुन्शीही गेला असावा.
एकोणीस, मुलगी. वय लिहिलंय: एक रात्र.

मग पाचव्याला कुणीतरी सुपात घालून
उकिरड्यावर नेऊन ठेवला असणार.
सुईणीनं दोन पैशांना विकत आणला असणार परत,
आणि नाव ठेवलं असं
की मरण दारावरून जाताना
नाकाला पदर लावून जाईल.

आणि मी त्याला काशीनाथ केलं होतं.

ज्या बाईनं हे पाचही जन्माला घातले
तिच्यासाठी त्या पुस्तकात रकानाच नव्हता.
बाहेर येऊन बाबाला फोन लावला.
"तुमच्या आज्याच्या मायचं नाव काय होतं?"
तो बोडीवर होता, मागे पाण्याचा आवाज.
"बुढीच म्हनत सारे. नाव कोनाले ठाव?
जाळ्याच्या काठाची गाठ तिचीच हाय म्हने,
उलटी. बाकी ढिवर तशी मारत नाहीत.
काहून? कागदात लागते का ते?"

लागत नाही.

नकलेच्या अर्जावर सहाऱ्यांनी कचरूची ओळ लिहिली.
म्हटलं, ह्या चौघांच्याही द्या.
"मेलेल्या लेकरांची पडताळनी नसते बाई.
हरेक ओळीची फी येगळी लागते."
लागू दे.
त्यांनी चार कोरे अर्ज सरकवले.
उद्देश: शैक्षणिक, नोकरी, वारसान, न्यायालयीन, इतर.
इतरच्या पुढे ठिपके,
एखाद्या छोट्या शब्दाला पुरतील एवढेच.
पेन धरून मी बराच वेळ उभी.
मागे रांगेत एकजण खोकला.

मी लिहिलं: घरी नेण्यासाठी.
चारही अर्जांवर तेच.

सहाऱ्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.
तिकिटं चिकटवली.
"मंगळवारी या," म्हणाले.
"पावती सांभाळा."