दहा सेकंद

बटण दाबलं की आधी काळा पडदा येतो,
त्यावर दोन ओळी,
आणि खाली दहापासून उलटी मोजणी.
वरची ओळ माझी, खालची भार्गवची.
दहा सेकंदांत बाण खाली नेला नाही
तर डबा माझा.

इलियासभाईंनी करून दिलं हे, नव्या पेठेत,
व्हायरसनं टॉवेलची तीन डिझाइनं खाल्ली त्या उन्हाळ्यात.
"विंडोज चोरीची, वर गेमपण चोरीचे,
चोराच्या घरी चोर येणारच की ताई.
लिनक्स घाला. फुकट आहे, पण इमानी आहे."

इमानी गड्याला दोन दिवस प्रिंटर ओळखू आला नाही.
आवाज गेला तो दिवाळीला परत आला.
पण चार जीबीच्या त्या म्हाताऱ्या डब्यावर
मोर काढताना एकदाही अडकला नाही.
एक चौकोन म्हणजे एक धागा,
आडवे चारशे ऐंशी.
नुसत्या मानेलाच माझी अख्खी सकाळ जायची.

भार्गवच्या ओळीत शिरलं की पंखा गुरगुरायचा.
कोपऱ्यात कायमची पुसट विनंती, विंडोज सक्रिय करा,
आणि तिच्यावरून तो गाडी न्यायचा
बर्फाच्या घाटातून,
बाहेर पूर्व भागात त्रेचाळीस डिग्री,
अंगात बनियन.
"माझ्याकडं पळव की गाडी," मी म्हणायचे.
पळवली एकदा, वाइन नावाचं काहीतरी घालून
(आई स्वयंपाकघरातून धावत आली).
गाडी पळाली. रस्ता मागून आला.

शेठच्या पोराकडं तिसरंच, चंदेरी, सफरचंदवालं.
दोन जुन्या मागांच्या किमतीचं.
मी हात लावून बघितला, मे महिन्यातसुद्धा गार.
"ह्याच्यावर गेम?" भार्गवनं विचारलं.
पोरगा म्हणाला, "स्क्रीन बघ ना, स्क्रीन."

नाना जेकॉर्डचे पुठ्ठे पाडायचे,
बोटांना अजून सवय आहे: भोक, कोरं, भोक, भोक, कोरं.
आमची भांडणं ऐकून म्हणाले,
"माग तोच की गं. पुठ्ठे बदलले की चादर,
पुठ्ठे बदलले की टॉवेल.
ह्यात चांगलं-वाईट कुठून आलं?"
मी काही बोलले नाही.
माग एक होता, नाना,
आणि रात्रीचे नऊ दोघांनाही हवे होते.

आषाढात भार्गव हैदराबादला गेला,
एका गोडाऊनमध्ये, नाइट शिफ्ट.
जाताना बजावलं, "माझ्या ओळीला हात लावू नको,
गेम अर्ध्यात आहे."
आता दहा सेकंद मी हाताची घडी घालून बसते.
दहा, नऊ, आठ.
कुणी खुर्ची ओढत नाही.

काल मात्र बाण खाली नेला.
चार महिन्यांचे अपडेट तुंबलेले,
निळा पडदा म्हणाला, बंद करू नका.
नको करायला. गड्ड्याला येणारे तो,
आल्या आल्या बसेल,
आणि टक्के मोजत बसायचा त्याला भारी राग.

तर मी मोजतेय. मोर तसाच राहिलाय, मानेपर्यंत.
एकतीस. एकतीस. एकतीस.
नाना कॉटवरून विचारतात, "अजून उघडलं नाही?"
बत्तीस.
भिंतीपलीकडं बोल्लींचे माग खडखडतायत,
म्हणजे लाइट आहे.