सोपी मॅच

ड्रॉ निघाला त्या संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर
झेरॉक्सचा एकच कागद आला, अजून गरम.
हिंदुराव आडनाईकांनी चष्मा पुसला,
कानामागची चपटी पेन्सिल काढली
(दिवसा ते दारं-चौकटी करतात)
आणि नावांपुढं त्रिकोण मांडत गेले.

तोफखाना, तीन त्रिकोण.
नगारा तालीम, तीन.
घोडेपीर, तीन आणि वर एक अर्धा,
कारण त्यांनी यंदा नायजेरियाचा पोरगा आणलाय.
रंकाळा युनायटेड, दोन.
हे सगळे पहिल्या सोळा दिवसांत.
आणि पार तळाला, जिथं कागद कापताना
अर्धी वेलांटी उडाली होती, फौंड्री इलेव्हन.
तिथं त्यांनी त्रिकोण काढला नाही. नुसतं लिहिलं: सोपी.

"चढ आधी, उतार मागनं," म्हणाले.
"घाटाला बैल ताजा लागतोय."
मी राखीव गोलकीपर. मनात आलं,
ताजा बैलसुद्धा घाटातच बसतो.
बोललो नाही. बाकावरच्यानं बोलू नये.

पलीकडच्या बोळातल्या सूर्योदयला उलटं निघालं,
आधी सगळी कच्ची पोरं.
तीन मॅच, नऊ गुण, पेपरात फोटो,
चौकात पेढे, आणि एक पेढा मुद्दाम आमच्या कट्ट्यावर.
आमचे चार मॅचमध्ये दोन गुण.
गुणतक्ता विचारत नाही
कुणाशी खेळलास, कितव्या दिवशी,
गुडघ्यात किती पाणी घेऊन.
तो बेरीज करतो, आणि वही मिटतो.

हरल्याचं एवढं नव्हतं.
तोफखान्याला ऐंशी मिनिटं अडवलं आम्ही,
शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर
त्यांचीच म्हातारी माणसं उठून टाळ्या देत होती.
वाईट होतं ते मागं उरलेलं.
नगाऱ्याशी वरदराजला दुसरं पिवळं कार्ड.
घोडेपीरच्या मॅचला दिग्विजय साळोखेचा घोटा.
रंकाळ्याशी इर्शाद मोमीनचं बोट
बॉलबरोबर मागं वळलं, तसंच राहिलं,
आणि मी बाकावरनं उठलो
त्याचेच हातमोजे घालून. आत ओले होते.

उतार आला तेव्हा
गाडीला जुंपायला कोण होतं?

फौंड्री इलेव्हन. मंगळवार, दुपारी दोन.
ऊन असं की गोलपोस्टचं लोखंड हात लावू देईना.
बासष्टाव्या मिनिटाला त्यांच्या एका थोराड गड्यानं,
मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे पांढरे ठिपके,
सरळ मारला, काही विशेष नाही,
माझ्या दोन पायांतनं गेला.
तो नाचला नाही. घड्याळाकडं बघितलं फक्त.
एक-एक सुटली.
आमच्या पोरांनी स्टॉकिंग काढून जमिनीवर आपटले.

बाहेर सायकल स्टँडजवळ तोच गडी
पुडीतनं भडंग खात उभा. म्हणाला, घ्या.
पुडी त्यांच्याच कागदाची होती,
तोच ड्रॉ, तीच नावं, तीच उडालेली वेलांटी.
पण प्रत्येक नावापुढं बॉलपेननं पाळ्या:
तोफखाना, पहिली पाळी करून.
घोडेपीर, सुट्टी मागितली, मिळाली नाही.
रंकाळा, नऊजणच येणार.
आणि तेल लागलेल्या घडीवर आमचं नाव,
पाणंद तालीम, रात्रपाळी उतरून,
त्याभोवती दोनदा गिरवलेला गोल.
अवघड.

मी विचारलं, झोपला कधी?
तो म्हणाला, "आता जाऊन."

कागद मागून घेतला. दाणे खिशात ओतले,
आणि हिंदुरावांसमोर तो सरळ करून धरला.
ते बराच वेळ वाचत राहिले,
शब्दावर नखं फिरवत, लाकडाची रेषा बघावी तसं.
पेन्सिल कानामागनं काढली, परत ठेवली.

"पुढच्या मॅचला किती त्रिकोण?" मी म्हटलं.

"खिशातलं भडंग काढ आधी," म्हणाले,
"आणि इर्शादचे मोजे वाळत घाल."